इर्जिकीचं भाडं

अख्खा श्रावण मी लीलामावशीशी एक शब्द बोलले नाही. दारासमोर दार आहे आमचं. ती अंगण झाडायला बाहेर आली की मी भांडी आपटत आत जायचे. लोकांना वाटायचं, ही तळेगावची शहाणी, हिला नाकावर माशी बसलेली चालत नाही. चालत नाहीच. पण या वेळी कारण तसंच होतं. मावशीच्या एका वाक्यानं माझ्या नवऱ्याचं लायसन जायची वेळ आली होती. लायसन गेलं की आमची चूल बंद. आमच्याकडे आहे काय? एक पिकअप आणि ती चालवणारा निलेश.

निलेश पवनानगरहून धरणाकाठच्या कॅम्पवाल्यांना माल पोचवतो. तंबू, गाद्या, कोळसा, पाण्याचे जार. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तंबूत झोपायला येतात, त्यावर आमचं घर चालतं. मी त्याला नावानंच हाक मारते, त्याचंही गावाला अजून नवल वाटतं. तर ते असो. सांगायचंय मावशीबद्दल.

लीलाबाई म्हणजे धरणात बुडालेल्या गावाची लेक. लहानपणीचं घर पाण्याखाली, सासर पाण्याच्या काठावर. नवरा कोंडाजी रेल्वेत गँगमन, खंडाळ्याच्या घाटात रुळांवर काम. आठवड्याची सुट्टी असली की घरी, नाहीतर तिकडेच. म्हणजे शेत, गुरं, सासू, पोरगा, सगळं हिच्या एकटीवर. पोरगा आता चाकणला कंपनीत आहे. कोंडाजीआबा गेले. मावशी मात्र अजून पदर खोचून बांधावर उभी राहते आणि सगळ्या गावाला कामाला लावते. तिला कोणी सरपंच केलं नाही, पण इर्जिक कधी करायची, कोणाच्या शेतात करायची, हे तीच ठरवते.

इर्जिक म्हणजे काय, ते माझ्या तळेगावच्या मैत्रिणींना मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. एखाद्याचं काम अडलं की गावानं जायचं, दिवसभर त्याच्या शेतात राबायचं आणि एक पैसाही घ्यायचा नाही. घरधन्यानं पोटभर जेवायला घालायचं, बस्स. उद्या तुमचं अडलं की तो येईल. मजुरी दिली तर लोक चिडतात. मी नवीन असताना एका म्हातारीच्या हातावर शंभराची नोट ठेवली होती, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

यंदाची इर्जिक होती ज्योत्स्नाची. ज्योत्स्ना आमच्या गावची लेक, धरणाच्या पलीकडच्या अंगाला दिलेली. तिचा नवरा एका कॅम्पवर शेड बांधताना पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. घरात सासरा थकलेला, पोरं लहान. रोपं तयार, चिखलणी झालेली आणि लावायला माणूस नाही. तिच्या सासरची निम्मी वाडी कामाला पिंपरीत. मावशीला कळलं तशी ती दारोदार फिरली. "आपली पोरगी हाय. तिचं शेत पडीक ऱ्हायलं तर आपल्याला भात गिळंल का?"

जायचं कसं? सकाळची एस्टी बंद होऊन किती वर्षं झाली कोण जाणे. जीपवाले शनिवारी आम्हाला विचारत नाहीत, त्यांना पर्यटक मिळतात. मग उरला निलेश. त्यानं पिकअपच्या मागच्या हौद्यात ताडपत्री अंथरली आणि आम्ही अकरा जणी चढलो. पावसासाठी इरली, विळे, डोक्याला फडकी. मीही होते. धोका असतो हे मला कळत नाही असं कोणी समजू नये. वळणावर एकमेकींना धरून बसतो. हौस म्हणून कोणी त्या हौद्यात बसत नाही.

पवनानगरच्या चौकात शनिवारचा बंदोबस्त होता. आमच्या पुढं एक मोठी चकचकीत गाडी, तिच्या छताच्या खिडकीतून दोन पोरं कमरेपर्यंत बाहेर आणि आत गाणी ठणाणा. ती गेली. शिट्टी वाजली ती आमच्यासाठी. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण निलेशनं आरशातून मला डोळ्यांनीच गप्प केलं.

हवालदार आले, हौद्यात डोकावले. "मालवाहू गाडीत माणसं? उतरा सगळ्या." मग निलेशकडे वळले, "कुठं चाललात? कोण आहेत या?"

निलेश तोंड उघडणार तेवढ्यात मावशी उभी राहिली. हौद्यात, सगळ्यांच्या वर. आणि म्हणाली काय, "साहेब, आमी फुकट न्हाई बसलो. माणशी वीस रुपयं दिल्यात सगळ्यांनी. इचारा कुनालाबी."

आणि आमच्या बाकीच्या बायका! मुंड्या हलवल्या सगळ्यांनी. "व्हय व्हय, दिल्यात."

निलेशचा चेहरा पांढरा फटक पडला. "अगं मावशी, काय बोलतीस तू!"

"गप रं. मी हाय ना," मावशी म्हणाली.

तिला वाटलं, तिनं आम्हाला वाचवलं. तिच्या डोक्यात गाडी म्हणजे रेल्वे नाहीतर एस्टी. तिथं गुन्हा एकच, तिकीट न काढता बसणं. पैसे भरलेल्या माणसाला कोण कशाला उतरवेल? हवालदारांनी मशीनवर बोट चालवलं, फोटो काढला आणि लिहिलं, मालवाहू वाहनातून भाडे घेऊन प्रवासी वाहतूक. झालं कल्याण.

गाडी तिथून रिकामी परत गेली. आम्ही उरलेला रस्ता चालत गेलो आणि ज्योत्स्नाचं शेत अंधार पडायच्या आत लावून काढलं. जेवताना मी पान अर्धं टाकून उठले. मावशी मात्र दोनदा आमटी मागून जेवली.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावच्या अरुंधतीताईंना फोन लावला. त्या वकील आहेत, माझ्या माहेरच्या गल्लीतल्या. त्यांनी चलनाचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "प्रेरणा, नुसती माणसं बसवली असती तर दंड भरून मोकळे झाला असतात. पण इथं भाडं घेतलं असं लिहिलंय. दंड भरला म्हणजे हे कबूल केलं. मग लायसन्स निलंबित होऊ शकतं, परमिटचाही प्रश्न येईल."

"पण भाडं घेतलंच नाही हो!"

"मग असं लिहिलं कसं त्यांनी?"

काय सांगणार? मी तडक मावशीच्या अंगणात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. सगळी आळी गोळा झाली. "तुमच्या जिभेला काही हाड? विचारलं होतं तुम्हाला? माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलात तुम्ही!" असं बरंच काही. मावशी हातातली केरसुणी तशीच धरून ऐकत उभी होती. मला वाटलं आता रडेल, हात जोडेल. छे! माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "झालं? मंग आता सांग, कोर्ट कुटं हाय?"

माफी नाही, काही नाही. अंगाची लाही लाही झाली माझ्या. तेव्हापासून अबोला.

गावात ज्याला त्याला उपाय सुचत होता. कोणी म्हणे कोणाला तरी भेटून मिटवून टाका. कोणी म्हणे हातापाया पडा. निलेश तर हातापाया पडायला एका पायावर तयार. तो मुळातच गरीब स्वभावाचा, खाकी कपडा दिसला की शाळेतल्या पोरासारखा उभा राहतो. "जाऊ दे ना प्रेरणा, भरून टाकू, तीन महिने कसंतरी काढू," असं रोज म्हणायचा. कॅम्पवाले तीन महिने थांबतात होय? दुसऱ्या गाडीवाल्याला लावतात आणि मग तोच राहतो. मी म्हटलं, भरशील तर माझ्याशी गाठ आहे.

अरुंधतीताईंनी चलन मान्य नाही असं कोर्टात लिहून दिलं. वडगावच्या कोर्टाची तारीख पडली. त्या म्हणाल्या, "साक्षीला त्या बाई लागतील. त्यांना सांगावं लागेल की त्या पोलिसांशी खोटं बोलल्या. उलट त्यांच्यावरच काही शेकू शकतं, याची त्यांना कल्पना द्या. आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या होत्या, हेही विचारतील."

म्हणजे मलाच जाऊन बोलायला हवं होतं. गेले. उंबऱ्यातच उभी राहिले, आत गेले नाही. सगळं सांगितलं. म्हटलं, "कोर्टात तुम्हाला खोटारडी म्हणतील. चारचौघांत."

मावशी तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. "म्हनू देत. खोटं बोलले तवाबी चारचौघांतच बोलले न्हवं? पोरी, माज्या मनात काय व्हतं ते तुला ठावं न्हाई."

आणि मग तिनं ते सांगितलं, जे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. कर्जतच्या पुढं कोणाचं तरी लग्न, कर्जतला गाडी बदलायची. ती आबांच्या रेल्वेच्या पासावर निघाली, पास आबांच्या खिशात आणि आबा गर्दीत मागच्या डब्यात. कर्जतला तिकीट तपासणाऱ्यानं तिला धरलं. नव्या लुगड्यात, सगळ्या वऱ्हाडासमोर बाकाशेजारी उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ही बघा फुकटी."

"ह्ये पास घिऊन आले, मला सोडलं," मावशी म्हणाली. "सुटले, पर हालले न्हाई तितनं. म्हनलं, आदी म्हन, फुकटी न्हाई म्हनून. मंग जाते."

"म्हणाला?"

"गाडी सुटली आमची, पर म्हनला." तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "त्या दिसापासनं कुनी खाकी, कुनी काळा कोट म्होरं आला की माज्या तोंडून आदी त्येच निगतं. फुकट न्हाई बसले. निलेशचं वाटोळं करायचं न्हवतं गं माज्या मनात."

ही एवढीच तिची माफी. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडत बसले. राग गेला असं नाही. पण अबोला संपला.

तारखेला आम्ही अकराच्या अकरा जणी गेलो. कोणी सांगितलं नव्हतं सगळ्यांना यायला. कामशेतपर्यंत जीपमध्ये कोंबून, तिथून लोकलनं वडगाव. मावशीनं सगळ्यांची तिकिटं स्वतः काढली आणि कोर्टाच्या दारापर्यंत मुठीत धरून ठेवली.

न्यायाधीश बाई होत्या, वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. सरकारी वकिलांनी मावशीला पहिलाच प्रश्न टाकला, "पोलिसांना तुम्ही सांगितलंत की माणशी वीस रुपये दिले. आज म्हणता दिले नाहीत. तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तवा," मावशी म्हणाली. खणखणीत.

"का बोललात?"

"फुकटी म्हनतील म्हनून. भाडं दिलं म्हनलं की सोडतात, आसं वाटलं. माजी चूक. तिची काय ती शिक्षा मला द्या. त्या पोराचं लायसन कशापायी घेता? त्यानं तर तितंच मला काय बोलतीस म्हनून टोकलं व्हतं."

"आणि बाकीच्या बायकांनी माना हलवल्या, त्या का?"

"मी बोलले म्हनून. माज्या शब्दावर हलवल्या. त्यांचंबी माज्यावरच लिवा."

मागच्या बाकावर आम्ही दहा जणी खाली बघत बसलो होतो.

"भाडं दिलं नव्हतं, याला पुरावा काय?" सरकारी वकील सोडत नव्हते.

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता, खरंच. "आवं, इर्जिकीला भाडं? इर्जिकीला जानाऱ्या बाईकडनं ज्यानं पैसं घेतलं, त्याच्या शेतात उद्याच्याला कोन उतरंल? त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीला कोन वाढंल? वीस रुपयांसाठी गाव सोडतंय का कुनी?"

सरकारी वकील म्हणाले, हा पुरावा होत नाही. न्यायाधीश बाईंनी त्यांना थांबवलं आणि हवालदारांना पुढं बोलावलं. "पैसे देता-घेताना तुम्ही पाहिलेत?"

"नाही मॅडम. बाई बोलल्या, मी लिहिलं."

"ड्रायव्हरला विचारलं होतं?"

"नाही. सगळ्याच हो म्हणाल्या, म्हणून."

"इर्जिक म्हणजे काय, माहीत आहे तुम्हाला?"

हवालदार म्हणाले, "माहीत आहे मॅडम. मामाच्या गावी असते आमच्या."

"तिथं पैसे घेतात?"

ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "नाही घेत मॅडम." खोटं बोलले असते तर कोणाला कळलं असतं? पण नाही बोलले, हे मी मान्य करते.

निकाल तिथंच सांगितला. माणसं हौद्यात बसवली हे खरं, त्याचा दंड भरा. भाडं घेतल्याचं सिद्ध होत नाही. मला पुढचं ऐकूच आलं नाही, चैतालीनं माझा हात इतका जोरात दाबला. चैताली आमच्यातली सगळ्यात लहान. ती रडत होती, मीही रडत होते.

न्यायाधीश बाईंनी निलेशला बजावलं, "पुन्हा याच कारणासाठी इथं आलात तर मी लायसन्सची गय करणार नाही. पुन्हा बसवणार?"

"न्हाई मॅडम, न्हाई," निलेशनं कोपरापासून हात जोडले.

मग त्या मावशीकडे वळल्या. आवाज मऊ होता. "आजी, तुमच्या जिवाला धोका असतो म्हणून कायदा आहे. पुन्हा बसणार नाही असं सांगा मला."

अरुंधतीताई मावशीला खुणावत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. मावशीनं पदर सावरला.

"बाईसाहेब, आमच्या गावाला सकाळची एस्टी लावा. मंग हौद्यात पाय टाकला तर मलाच आत टाका."

"एस्टी माझ्या हातात नाही, आजी."

"मंग वचनबी माज्या हातात न्हाई."

मी म्हटलं, गेलं आता सगळं, परत ही जीभ! न्यायाधीश बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून सही केली आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

बाहेर आल्यावर निलेश प्रथमच मावशीवर चिडला. "न्हाई म्हनायला काय जात व्हतं तुजं?"

"एकदा खोटं बोलले तर एवढं रामायण झालं. आता कोर्टातबी बोलू व्हय रं?" मावशी म्हणाली आणि स्टेशनाच्या दिशेनं चालू लागली.

दिवाळीनंतर ज्योत्स्नाचं भात कापणीला आलं. नवरा काठी घेऊन उभा राहत होता, पण वाकता येत नव्हतं. परत इर्जिक. मावशी परत दारोदार फिरली. या वेळी निलेशला कोणी विचारलं नाही आणि त्यानंही विषय काढला नाही. सकाळी आम्ही अकरा जणी धरणाच्या कडेनं चालत निघालो. विळे, पाण्याच्या बाटल्या. ज्योत्स्नावर सगळ्याचा भार नको म्हणून मावशीनं भाकऱ्यांची जड पाटी करून घेतली होती. ती आम्ही आळीपाळीनं डोक्यावर घेत होतो.

अर्ध्या वाटेवर मागून पिकअप आली. निलेश पलीकडच्या कॅम्पवर गाद्या आणायला चालला होता, हौदा रिकामा. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरला. माझ्याकडे बघेना. मावशीला म्हणाला, "मावशी, बसा. आज मंगळवार हाय, चौकात कुनी नसतंय. मला न्हाई बगवत."

बायका थांबल्या. चैतालीनं तर चप्पल हातात घेतली चढायला. खरं सांगते, माझाही पाय उचलला होता. टाचा सोलपटल्या होत्या.

मावशी म्हणाली, "लायसन दाव."

"आं?"

"दाव म्हनते."

त्यानं खिशातून काढून दिलं. मावशीला वाचता येत नाही. तिनं ते उलटसुलट करून त्याचा फोटो पाहिला. "ह्ये कुनाचं?"

"माजं."

"तुजं व्हतं. चौकात गेलं ते तुजं व्हतं. कोर्टातनं परत आनलं ते आमी अकरा जनींनी आनलंय. आता ह्ये आमचंबी हाय, आन् आमाला इचारल्याबिगर तुला ते घालवता येनार न्हाई. धर."

निलेशचे डोळे भरून आले. माणूस भर रस्त्यात उभा, हातात लायसन.

"फाळका पाड," मावशी म्हणाली.

त्यानं खिटी काढून हौद्याचा मागचा फाळका खाली सोडला. आम्हाला वाटलं, चला, मन वळलं हिचं. मावशीनं चैतालीच्या डोक्यावरची भाकऱ्यांची पाटी उतरवली आणि हौद्यात सरकवली. मागोमाग विळ्यांचं गाठोडं आणि पाण्याच्या बाटल्या. मग फाळका स्वतःच्या हातानं वर ढकलून लावला.

"ह्यो माल. मालाला तर बंदी न्हाई ना? ज्योत्स्नाच्या दारात उतरव आन् तिला सांग, आमी येतोय."

"मावशी, लय वेळ लागंल चालत."

"लागू दे. त्ये भात कापल्याबिगर कुटं जातंय?"

तिनं फाळक्यावर दोन थापा मारल्या, एस्टीचा कंडक्टर मारतो तशा. आणि निलेश गाडीत बसायच्या आधीच ती चालायलाही लागली.